पितळी समुद्र

४ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद. रागावलेल्या माणसालाही ते लागू पडतात, म्हणून आधी घेऊन ठेव. बाकीचं पत्र वाचायचं की नाही ते मग ठरव.

तू फोन उचलत नाहीस. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, "दादा, तिला जरा श्वास घेऊ दे. तुझं नाव काढलं की ती भांडी घासायला उठते." तुला भांड्यांचा किती कंटाळा आहे ते मला ठाऊक आहे, तेव्हा प्रकरण गंभीर दिसतं. म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही. ते आपलं आपण दाराखालून आत सरकतं आणि गरिबासारखं पडून राहतं.

त्या कॉम्प्युटरवरच्या खेळावर बेतलेली तुझी कादंबरी तिसऱ्यांदा वाचून संपवली. मामा म्हणून सांगत नाही. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांच्या नाकावर भिंगं ठेवून विचारत आलो, "आता दिसतं का नीट?" तुझ्या पुस्तकाने मला तेच विचारलं, आणि खरंच दिसलं. कुठल्याशा दूरच्या ग्रहावरचा तो दीपस्तंभ, ताऱ्यांकडून समुद्रावर उतरणारी जहाजं, आणि त्यांना दिवा दाखवणारा एकटा रखवालदार. खेळात त्याचा चेहरा कधी दिसत नाही. तूही दाखवला नाहीस. नुसतं त्याचं गुणगुणणं ऐकवलंस. जहाज जवळ येऊ लागलं की त्याच्याही नकळत त्याचा सूर चढत जातो, हे वाचलं आणि पुस्तक पोटावर उपडं ठेवून मी बराच वेळ छताकडे बघत पडलो. शाळेत कविता पाठ करताना व्हायचं तसं झालं. अर्थ नंतर कळायचा, अंगावर काटा आधी.

मग हे खेळवाले लोक कशावर उखडलेत? "पुस्तकात समुद्र पितळी कसा? खेळात तर चंदेरी आहे!" "रखवालदार गुणगुणतो कसा? तो मुका आहे!" "एक जहाज किनाऱ्याला लागायला अख्खं प्रकरण? खेळात पापणी लवायच्या आत लागतं!" आणि सगळ्यांत मोठा आरोप, "लेखिकेने खेळ खेळलेलाच नाही."

हा शेवटचा तेवढा खरा आहे. हलती चित्रं पाहिली की तुला भोवळ येते. नाव भिंगरी आणि डोकं गरगरतं, देवाची थट्टा आणखी काय! पण तू खेळली नाहीस तरी मी खेळलो ना? दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी बिलं करायचा जुना कॉम्प्युटर मला निरोपादाखल दिला, त्या डब्यावर मी रोज खेळतो. दर रविवारी मी फोनवर सांगायचो आणि तू लिहून घ्यायचीस. एकदा तू म्हणालीसही, "मामा, कंपनीने पाठवलेल्या चित्रात समुद्र चंदेरी दिसतोय." मी म्हटलं, "जाहिरातीच्या चित्राचं काय घेऊन बसलीस? मी रोज डोळ्यांनी बघतो." वाचकांच्या सभेत तू तेच सांगितलंस, "माझ्या घरातल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलाय," आणि सभा हसली. त्या हसण्यानंतर तू माझा फोन उचललेला नाहीस.

आता ऐकतो की दुसरी आवृत्ती 'दुरुस्त' होऊन निघणार. समुद्र चंदेरी, रखवालदार मुका, जहाजाचं प्रकरण कापून दीड पानाचं. महिनाअखेरीला पानं छापखान्यात जाणार. आणि पुढचा भाग तू लिहिणारच नाहीस, असं आईला सांगून मोकळी झालीस.

असं करू नकोस गं. समुद्र पितळीच आहे. काल शेजाऱ्याला भिंतीशी तक्ता धरून उभं केलं आणि स्वतःचे डोळे तपासले. रंगीत ठिपक्यांचं पुस्तकही काढलं. एक आकडा चुकला नाही. शेजारी म्हणाला, "काका, तक्ता तुम्हाला पाठ असेल." असल्या माणसाला काय बोलायचं! दात गेले असतील माझे, डोळे शाबूत आहेत.

मामा


११ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही. बरं. मीही चिवट आहे.

दातांवरून आठवलं. उरलेला एक दात काढून कवळीचं माप द्यायला नव्या दंतवैद्य बाईंकडे गेलो होतो. तरुण आहे, तुझ्याएवढी, हात हलका आणि जीभ चालू. तिच्या दवाखान्यात, जिथे बाकीचे डॉक्टर हसऱ्या दातांची चित्रं लावतात, तिथे भिंतीवर आपला दीपस्तंभ! मी खुर्चीत आडवा होताहोता म्हटलं, "हा मी ओळखतो."

"आजोबा, तुम्ही खेळता?" बाई अशी खुलली की मला वाटलं आता दात न काढताच घरी पाठवते. "मग ती कादंबरी वाचलीत का? आ करा."

मी आ केला. पुढचं संभाषण कसं झालं असेल ते तूच समज. माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि तिची दोन बोटं.

"पहिल्या दिवशी रांगेत उभी राहून घेतली हो मी. मोठा आ. दिवसभर मी लोकांच्या तोंडात डोकावते. संध्याकाळी घरी जाऊन त्या समुद्राकडे बघत बसते. चंदेरी, गार, स्वच्छ. तिथे कुणी कण्हत नाही, कुणी थुंकत नाही. मला वाटलं, आता तो समुद्र उशाशी घेऊन झोपता येईल. पुस्तक उघडलं तर माझा समुद्रच नाही! कुठल्या तरी परक्या घरातली पितळी परात ओतून ठेवलीये. जीभ बाजूला घ्या."

"अ... आ..."

"दुखतंय? नाही ना? आणि तो रखवालदार! पाच वर्षं तो माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही, म्हणून तर आवडतो. ही बाई त्याला गुणगुणायला लावते. माझ्या नवऱ्यासारखा! वाचताना मला रडू आलं, खरं सांगते. बाईला लिहिता येतं हो, तेच तर दुःख आहे. वाईट लिहिलं असतं तर फेकून दिलं असतं."

हे तिचं शेवटचं वाक्य मी तुझ्यासाठी जपून घरी आणलं आहे. बघ, नीट वाच. शिव्या देणाऱ्याच्या तोंडून आलेली दाद ही बावनकशी असते.

कापूस निघाल्याबरोबर मी उठून बसलो आणि म्हणालो, "समुद्र पितळीच आहे." ओठ बधिर होते, त्यामुळे शब्दांपेक्षा थुंकीच जास्त बाहेर पडली.

"चूळ भरा," ती म्हणाली. मग म्हणाली, "मग दाखवा मला. कवळी तयार झाली की मी स्वतः घरी आणून बसवते. तुमचा पितळी समुद्र दिसला तर त्या लेखिकेची हात जोडून माफी मागेन."

"ठरलं," मी म्हणालो.

मी कोण, तुझा कोण, ते सांगितलं नाही. भूल उतरली नव्हती असं समज. पण आता बघच तू. एकदा ही बाई वळली की बाकीचे वळतील, खेळवाल्यांच्या टोळीची ती पुढारी आहे. तोवर प्रकाशकाला काही कळवू नकोस.

मामा


१६ फेब्रुवारी

भिंगरे,

दंतवैद्य बाई येऊन गेल्या. कवळी झकास बसली आहे. 'स' म्हणताना थोडी शिट्टी वाजते, पण ती जाईल म्हणाल्या.

चहा घेतला. जरा वेळ बसल्या. समुद्राचा विषय निघाला होता. मग कवळीचाच निघाला.

बाकी विशेष नाही. मागच्या पत्रांत दुरुस्त आवृत्तीविषयी मी जरा जास्तच ठासून लिहिलं असं आता वाटतं. प्रकाशक अनुभवी माणूस असणार. आणि चंदेरी हा रंगही तसा वाईट नाही. माझ्या दुकानात चंदेरी काड्यांचे चष्मे भरपूर खपत.

आईला विचार, गुडघा कसा आहे.

मामा


१८ फेब्रुवारी

भिंगरे,

परवाचं पत्र फाडून टाक. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरंही काही नव्हतं.

झालं ते असं. बाई आल्या, कवळी बसवली, मला चावून दाखवायला लावलं आणि मग ओढणी खोचून स्क्रीनसमोर बसल्या. मी ऐटीत डबा चालू केला. समुद्र आला. पितळी, नेहमीसारखा. नुकत्या घासलेल्या समईवर उजेड सरकावा तशा लाटा.

बाई समुद्राकडे बघतच नव्हत्या. स्क्रीनच्या कोपऱ्यातली अक्षरं बघत होत्या. "आजोबा, ही अक्षरं तुम्हाला कोणत्या रंगाची दिसतात?"

"पिवळट. जुनी पानं पिवळी पडतात, तसा जुना स्क्रीनही पडतो."

त्यांनी वाकून मागे हात घातला आणि स्क्रीनच्या वायरचा प्लग अंगठ्याने आत दाबला. कट् झालं. आणि भिंगरे, समुद्र चंदेरी झाला. अक्षरं दुधासारखी पांढरी. पाच वर्षं माझ्या डब्यातून निळा रंग स्क्रीनपर्यंत पोचतच नव्हता. प्लग सैल होता. चांदीतून निळं काढून घेतलं की उरतं ते पितळ, एवढं साधं. आणि मी, रंगांच्या ठिपक्यांचं पुस्तक छातीशी धरून हिंडणारा, डोळे तपासले आणि वायर तपासायची विसरलो. मुखपृष्ठावरचा समुद्र चंदेरी आहे हे पाहून मी त्या चित्रकाराला नावं ठेवली होती. त्याचीही माफी.

थांब, अजून आहे. बाईंनी डब्याला कान लावला, रुग्णाच्या गालाला लावावा तसा. "आणि हा तुमचा रखवालदार," म्हणाल्या. गुणगुण डब्यातल्या पंख्याची. धुळीने भरलेला बिचारा. जहाज आलं की डब्यावर काम पडतं, तो तापतो, पंखा जोरात फिरतो आणि सूर चढतो. आणि जहाज इतकं हळूहळू का येतं? कारण डबा म्हातारा आहे. त्याला एक एक लाट रंगवायला दम लागतो.

तुझ्या कादंबरीत लोकांना जे जे खटकलं, ते सगळं माझ्या टेबलावरच्या एका खटाऱ्यातून आलेलं होतं.

मग मी सांगून टाकलं की लेखिका माझी भाची, आणि "घरातला माणूस" तो मीच. बाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. "अरे देवा. त्या सभेला मी दवाखाना बंद ठेवून आले होते. पहिली हसले ती मीच."

"असू दे," मी म्हटलं, "आता दातही तुम्हीच दिलेत."

तेव्हा तू दुरुस्त कर सगळं. तू माझ्यावर भरवसा टाकलास आणि मी डब्यावर. तू रागावलीस ते बरोबरच. फक्त पुढचा भाग सोडू नकोस. या वेळी कुणा धड डोळ्यांच्या, धड वायरच्या माणसाला विचार.

प्लग आता घट्ट आहे. काल खेळलो. समुद्र सुंदर आहे, खरंच सुंदर आहे. ज्यांनी तो रंगवला त्यांच्या हाताला सलाम. फक्त मी तिथला नाही असं वाटलं. आयुष्यभर ज्या घरात राहिलो त्या घराला कुणीतरी रंग दिल्यासारखं.

मामा


२४ फेब्रुवारी

भिंगरे,

मागच्या पत्रात "दुरुस्त कर" म्हणालो ते परत घेतो. म्हातारा सारखा शब्द फिरवतो म्हणशील. फिरवतो. पण ऐक.

आज दंतवैद्य बाई पुन्हा आल्या, न बोलावता. सोबत त्यांच्या टोळीतला एक बसड्रायव्हर. धिप्पाड माणूस, माझ्या खुर्चीत मावेना म्हणून पलंगावर बसला. बाईंच्या हातात तुझं पुस्तक होतं, जहाजाच्या प्रकरणात बोट घातलेलं.

"आजोबा, तो प्लग पुन्हा सैल करा," बाई म्हणाल्या.

"कशाला? दुरुस्त झालंय ना?"

"करा तर खरं."

सैल प्लग आता सैल राहीना. बोटांनी जरा तिरका ओढून धरला तेव्हा कुठे पितळ परत आलं. मी टेबलामागे हात घालून उभा राहिलो, शाळेत अंगठे धरायला लावायचे तसा. क्षितिजावर जहाजाचा ठिपका उमटला. पंखा मंद सुरात लागला. आणि बाई तुझं प्रकरण मोठ्याने वाचू लागल्या.

भिंगरे, मी तीनदा वाचलं होतं, पण असं ऐकलं नव्हतं. तुझं वाक्य संपायचं आणि जहाज तसूभर पुढे सरकायचं. तू लिहिलंस, 'वाट पाहणं हे त्याचं काम नव्हतं. काम संपल्यावर जे उरतं ते होतं.' आणि समोर ती पितळी लाट अर्ध्यात थबकलेली, पुढे यायचं की नाही विचार करणारी. सूर चढत गेला. कुणी चहाला हात लावला नाही. माझ्या हाताला मुंग्या आल्या, तरी प्लग सोडला नाही.

जहाज लागल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "थांब्यावरची माणसं माझ्या बसकडे अशीच बघत असतात. मी त्यांना नुसती गर्दी समजायचो." आणि उठून खिडकीशी गेला.

बाईंनी पुस्तक मिटलं. "मी पुस्तकात माझा खेळ शोधत होते. हिने तुमचा लिहिलाय."

लगेच पुढे म्हणाल्या, "पण मुका तो मुकाच हवा होता, ते मी सोडणार नाही."

"सोडू नका," मी म्हणालो.

ड्रायव्हर हसला. "बाईंना तुम्ही ओळखत नाही आजोबा. या टाका घालताना पण वाद घालतात."

तर लोकांची निराशा संपली असं मी लिहीत नाही. ज्यांना चंदेरी हवा त्यांना चंदेरीच हवा, आणि त्यांचं प्रेमही खरं आहे. पाच वर्षं एका न दिसणाऱ्या माणसावर जीव लावणारी ही माणसं, मला तर त्यांचंही कौतुक वाटतं. पण त्यांचा समुद्र त्यांच्याकडे आहेच. पितळी समुद्र फक्त तुझ्या पुस्तकात आहे. तिथून काढलास तर तो कुठेच नसेल.

एक गोष्ट सांगतो, तुला पूर्वी सांगितलेली नाही. शाळेत माझ्याकडे थोरल्या भावाचं जुनं पुस्तक होतं, आणि नावाड्याच्या कवितेचं शेवटचं पान त्यात नव्हतं. परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी मलाच उभं केलं. सगळी कविता म्हणून झाली आणि शेवटचं कडवं समोर नव्हतं, तर मी आपलं म्हणून टाकलं:

नाव लागली तीराला,
नावाडी गेला घरी;
वल्हे हलते अजून
पाण्याच्या अंगावरी.

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. जरा वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाले, "पुस्तकात असं नाही. पण बस खाली. चांगलं आहे." खरं कडवं मी पुढे वाचलं. फार सुरेख आहे. पण आजही रात्री झोप लागेना की मी माझंच म्हणतो.

चार दिवसांत पानं छापखान्यात जातील. मला मास्तरांसारखं एवढंच म्हणायचं आहे. खेळात असं नाही. पण राहू दे.

मामा


१ मार्च

भिंगरे,

परवा तुझा फोन आला, बोलणं झालं, आता पत्राचं काय कारण, असं म्हणशील. एक गोष्ट बोलायची राहिली.

फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण. तू "मामा" म्हणालीस आणि मी काही बोलणार तोच म्हणालीस, "बोलू नकोस. डबा लाव आणि फोन त्याच्याजवळ धर." तुझ्या आईचा आवाज मागून, "अगं, आधी त्याला कसा आहेस विचार!" तू म्हणालीस, "ऐकू दे गं."

मी डबा लावला. एका हातात फोन, दुसरा हात टेबलामागे, प्लग तिरका ओढून धरलेला. साबण वाळत चाललेला. ठिपका उमटला, पंखा लागला, आणि पलीकडे तू इतकी गप्प की मला वाटलं फोन कटला. सूर चढायला लागला तेव्हा तुझा श्वास ऐकू आला. मग तू हळूच म्हणालीस, "हाच तो. मी मनाने ऐकला होता, अगदी असाच. आता सांग मामा, काय दिसतंय?"

मी सांगू लागलो. दर रविवारी सांगायचो तसंच. पितळी लाट, तिच्यावरची उजेडाची दोरी, जहाजाच्या पोटाखालची सावली. कागदावर तुझं पेन चालल्याची खसखस येत होती. मध्येच तू म्हणालीस, "छापखान्याला कळवलं मी. पानं आहेत तशीच जातील." एवढंच. आणि पुन्हा, "हं, पुढे?"

पुढे मी बराच वेळ सांगत राहिलो. "येतंय," मी म्हणत होतो, "अजून येतंय. जरा लांब आहे. आता वळतंय." तू लिहीत होतीस.

तेच कबूल करायचं राहिलं. जहाज केव्हाच लागलं होतं. नांगर पडला होता, समुद्र सपाट झाला होता, आणि पंख्याचा सूरही खाली येऊन विझत चालला होता. तो तुला ऐकू आलाच असणार. तरी मी "येतंय, येतंय" म्हणत राहिलो, आणि तूही "हं, पुढे?" म्हणत राहिलीस.

मामा